उजवं मागचं दार

दाबोळीला चाकं टेकली, तीन चाळीसला.
दिवे विझायच्या आधीच पट्टे सुटू लागले,
तेलात मोहरी पडावी तसे.

दारं डिसआर्म करा, क्रॉसचेक करा.
मी माझी कांब खोबणीतून काढली, वर अडकवली,
अंगठा दाखवला.
समोरून जेनोव्हेवानंही दाखवला.
तिची तिसरीच फ्लाइट,
नखांवरचं लाल अजून कुठेच खरवडलेलं नाही.

क्रॉसचेक म्हणजे अविश्वास नव्हे,
दुसऱ्याच्या पायाशी वाकून बघणं, एवढंच.

वाकले.
कांबेचं एक टोक सुटलेलं,
दुसरं खोबणीतच.

असल्या दाराला आर्म्ड म्हणतात.
आईला सांगितलं तर म्हणाली, दाराला कसलं गं शस्त्र?
शस्त्र नाही, आई.
पोटाशी घडी घालून ठेवलेली घसरगुंडी
आणि नळकांडंभर वायू.
दार उघडलं की सहा सेकंदांत झेपावते बाहेर
माणसं वाचवायला.
वाटेत माणूस असला तरी.

वाटेत माणूस होता.
केटरिंगच्या गाडीची पेटी हळूहळू वर येत होती,
तिच्या फळीवर तो, निळा शर्ट, कानावर पेन.
खिडकीत लाल पट्टी आडवी होती, नियमाप्रमाणे,
पण ऊन समुद्राकडून येत होतं,
बाहेरून काच नुसती पांढरी असणार.

मी तळवा काचेला टेकवला. थांब.
तो हसला.
त्यानंही तळवा वर केला,
तिठ्यावर ओळखीचं कुणी भेटावं तसा.
दुसरा हात हँडलकडे.

मग मी काच बडवली, दोन्ही मुठींनी.
मग छातीवर हातांची फुली,
चुकलेल्या गणितावर बाई मारतात तशी.
त्याचा हात थांबला.
हँडलपासून चार बोटांवर.

मागच्या रांगांत कल्ला.
मागची शिडी का नाही?
एका छापाच्या टी-शर्टातले सातजण,
छातीवर 'नवरदेव वाचवा',
अहो ताई, पोरं तहानलीत!
पुढून उतरा, म्हटलं, सावकाश,
आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

काळ्या कोटातला एक म्हातारा काहीच बोलला नाही.
जेनोव्हेवाला एवढंच विचारलं,
रायला पोचायला किती वेळ?
पाच वाजता तिथं त्याच्या भावाला माती द्यायची होती.

ती रडत होती.
मी ओके म्हटलं. ओके म्हटलं ना मी.
बस, पाणी पी, मग बोलू, म्हटलं.
अकरा वर्षांत मी किती वेळा
न वाकता अंगठा दाखवला असेल,
ते कुठल्या रजिस्टरात नाही.

चौदा मिनिटांनी इंजिनियर आला,
गुडघ्यांवर बसला,
खोबणीतून स्क्रू-ड्रायव्हरनं उकरून
माझ्या हातावर ठेवला
चेपलेला, खारा, अर्धा काजू.
इथूनच कुणीतरी घरी नेत असेल, पाकीट फोडलं असेल वाटेत.
कांब निघाली. इतकी सहज, की राग यावा.

दार उघडलं.
गरम वारा, इंधनाचा वास, पल्याड लाल डोंगर.
तो फळीवर तसाच उभा, हातात कागदी कप.
खिशावरचं नाव आता वाचता आलं,
रोहिदास चोडणकर.

"बाय, तुमचे पायीं म्हजी च्या निंवली."

सॉरी म्हटलं.
काय झालं असतं ते त्याला सांगायला
तोंड उघडलं होतं, पण त्यानं ट्रॉली आत ढकलली.
मी पेट्या मोजल्या. एकशे बावन्न, त्यात जैन चार.
सही करण्याआधी
सगळ्यात खालचा खण
वाकून पाहिला.