खंड

मिरजोळ्याच्या शेडमध्ये रात्रपाळीला
मी आणि सतरा नंबर:
बोटाएवढा, काळा, कमरेत बारीक नमुना.
यंत्र त्याला ओढतं, सोडतं,
सेकंदाला दोनदा.

पहिल्या शंभर हिसक्यांतच तो नरमला.
सगळेच नरमतात. मग बराच वेळ काही होत नाही.
आलेख वर जातो एका वाटेने,
परततो जरा खालून,
दोन वाटांमध्ये जी जागा उरते
तेवढी ऊब अंगात मुरते त्याच्या.
हात लावला. कणकण असावी तसा.

आत जाळं असतं. मऊ दोर, कडक गाठी.
गाठी कुणी मारलेल्या नाहीत,
निवताना आपसूक धरलेल्या;
तापलं की सैलावतात.
तुटलेले नमुने डब्यात जातात,
वितळून पुन्हा ओतले जातात,
मागचं काही आठवत नाही त्यांना.

एक्केचाळीस हजार दोनशे सहा.
लाइट गेली.

सकाळी जबडे उघडून मोजला:
रात्री दोन मिलिमीटर लांबलेला
पाऊण मिलिमीटर मागे आला होता,
कुणी न सांगता.
करमरकर साहेब म्हणाले, खंड पडला, बाद.
अठरा नंबर लाव.
मी वहीत लिहिलं, बाद.
बाजूला पेन्सिलीने: नऊ तास निजला.

मिरकरवाड्यात लाँचा वर ओढलेल्या,
ताडपत्र्या बांधलेल्या. जून.
बशीरचाचा धक्क्यावरच्या जुन्या टायरला
पाय टेकून बसलेले.
"निलोफर, किती टिकेल गो तुझा रबर?"
रबर नाही ते, म्हटलं. पण असू दे.
लाँच दिवसाला किती वेळा धडकते, चाचा?
"ता कोण मोजता? भरतीला धडकता,
ओहोटीला लोंबता.
आनि आता दोन म्हयने तर वरच हाय."

माझ्या यंत्राला ओहोटी नाही.
जून-जुलै नाहीत.

बोलताना ते उजवा खांदा चोळत होते,
डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला,
चाळीस वर्षं दोर ओढून.
मोजायची पट्टी माझ्या पर्समध्येच होती.
काढली नाही.

रात्री अठरा नंबर लावला. आकडा शून्यावर.
सतरा डब्यात टाकला नाही मी,
ड्रॉवरमध्ये ठेवलाय, चहाच्या पुड्यांशेजारी.
रविवारी मोजला.
अजून केसभर मागे आला होता.