डेड स्टॉक

कोहाडबाबू रजिस्टर घेऊन आले.
एकतीस मे, बाहेर सेहेचाळीस,
स्टोअररूमवर पत्रा,
कोपऱ्यात कूलर, नुसती गरम हवा फेकणारा.
'मोजून टाकू सर, म्हंजे तुम्ही मोकळे.'

'गोलपोस्टच्या जाळ्या, नग दोन.'
एक आहे.
दुसरी सुटत गेली वर्षानुवर्षं,
पोरांच्या बुटांना नाड्या झाली.
बाबू लिहितात: जीर्ण.

'बास्केटबॉल, नग सहा.'
सात भरले.
'काहून सर, सात कसे?'
प्रणोती उईके, दोन हजार नऊची बॅच,
डाव्या हाताने लेअप टाकायची,
शेवटच्या पेपरला बॉल घेऊन गेली ती गेलीच.
दहा वर्षांनी गेटावर उभी,
कडेवर मुलगी, कापडी पिशवीत बॉल.
'सर, हवा टिकून राह्यली अजून.'
नोंदीतून तोवर तो वजा झाला होता,
आणि जास्तीच्या वस्तूला रजिस्टरात रकाना नाही.

बाबू, एक सांगू,
आता पेन्शनचे कागद गेलेच आहेत वर.
मला बास्केटबॉल येत नव्हता.
मी फुटबॉलवाला, राइट बॅक.
जाहिरातीत दोन्ही खेळ होते, म्हणून दोन्हीला हो म्हटलं.
धंतोलीच्या कोर्टावर
कुंपणाच्या बाहेर सायकल टेकवून
रात्री दुसऱ्याच्या कोचचं ऐकायचो,
सकाळी तेच आमच्या पोरींना सांगायचो.
एक रात्र पुढे होतो त्यांच्या, फक्त एक रात्र.
सात वर्षं तासिकेवर, तासाचे बत्तीस रुपये,
सुट्टीच्या महिन्यात तेही नाहीत.

ज्युनिअर कॉलेज म्हणजे दोनच वर्षं.
अकरावी दिवाळीपर्यंत प्रवेशात जाते,
बारावी क्लासवाल्यांची.
पोरगं बॉल पायाशी ठेवायला शिकतं न शिकतं
तर त्याचे बाबा येतात स्कूटरवर, हेल्मेट न काढता:
'सर, न खेळता मिळतात का हो ते वाढीव मार्क?'
सिनिअर कॉलेजवाले पुढे त्याच पोराचे फोटो छापतात
आणि खाली कोच म्हणून वेगळं नाव.
राग यायचा. मग यायचा थांबला.
केव्हा थांबला ते आठवत नाही.

'फुटबॉल, नग चौदा.'
बाबू फुटकेही मोजतात,
फुटका म्हणजे नाही, असं शासन मानत नाही.
तेरा. परत मोजतात. तेरा.

तो चौदावा मला माहीत आहे.
सत्त्याण्णव, विभागीय फायनल, शेवटची पेनल्टी.
कामठीच्या इर्शादने मारली
बारच्या वरून, भिंतीच्या वरून, रेल्वेच्या हद्दीत,
कोळशाच्या मालगाडीच्या उघड्या डब्यात.
आणि गाडी हलली.
अकरा पोरं हरल्याचं विसरून
भिंतीवर चढून गाडीला हात करत होती,
इर्शाद एकटा स्पॉटवर, कमरेवर हात.
कोराडीला गेला असेल तो.
जळला असेल. वीज होऊन आला असेल परत,
कोणाच्या तरी पंख्यात, या कूलरमध्येही.
'असं नाही लिहिता येत सर.'
मग हरवला लिहा.
'वसुली लागते. एकशे ऐंशी.'

दोनशेची नोट देतो.
इर्शादचं आता टायरचं दुकान आहे, कामठी रोडवर.
माझ्या गाडीत हवा भरतो, पैसे घेत नाही.
त्या पेनल्टीचा विषय त्याने काढला नाही,
मीही नाही.

सुटे वीस नाहीत बाबूंकडे.
पावती फाडतात, सही घेतात,
किल्ली खिशात टाकतात,
आणि उठता उठता, कोणी बघत नाही असं समजून,
प्रणोतीचा तो सातवा बॉल उचलून
फरशीवर आपटतात, एकदा, दोनदा.
चपट आवाज येतो.

तळव्याने नाही बाबू,
बोटांनी.
मान वर ठेवा.