काणाडोळा

रॉटरडॅमहून मिंदेलोच्या बंदरात पिंप उतरलं
की वर तांदूळ, साबण, कुणाच्या तरी मापाचे बूट,
आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी,
ज्याचं काय करायचं हे धाडणाऱ्यालाही ठाऊक नसतं.
ते माझ्याकडे येतं.
यंदा तीन कॅमेरे आले.

झेनाइदा आज तिसऱ्यांदा आली आहे.
मासळीबाजारात बर्फ फोडते, बोटं लाल.
रुमालात एकोणीस हजार एस्कुदो,
मोजून मोजून मऊ पडलेले.
तिला चेहरे काढायचे आहेत,
बोटीवर चढणाऱ्यांचे, चढण्याआधी.
आणि लग्नांचे व्हिडिओ,
कारण पोट व्हिडिओवरच भरतं.

मी सांगतो, मला कळतं तेवढं.
हा पहिला, हलका, पण माइक लावायला भोक नाही.
इथला वारा तुला ठाऊक आहे,
नवरी "हो" म्हणेल आणि ऐकू येईल वारा.
हा दुसरा दणकट आहे,
पण एकोणतीस मिनिटांनी आपणहून थांबतो.
पाद्री थांबत नाही.
आणि हा नवा. चेहरा दिसला की डोळा हुडकतो,
त्यावर हिरवा चौकोन बसवतो, मग सोडत नाही.
तुझ्या रुमालापेक्षा सहा हजारांनी मोठा.

आणि हे बघ, बॉडीवर जीव टाकू नकोस.
पैसे भिंगात घाल.
हे पन्नासचं, प्लास्टिकचं, खेळण्यासारखं दिसतं,
पण पार उघडलंस तर मागची भिंत लोण्यासारखी विरघळते,
माणूस तेवढा उरतो.
फक्त दोन पावलं मागे सरायला जागा ठेव.
झूम सगळं दाखवतं.
सगळं दाखवणं ही काही चांगली खोड नव्हे.

"बघू का काढून? तुमचाच, न्यो बाल्ता?"

मी फोटो देत नाही कुणाला.
पण गिऱ्हाईक होतं. बसलो स्टुलावर, खिडकीकडे तोंड करून.
नव्या कॅमेऱ्याचा हिरवा चौकोन
जरा घुटमळला, आणि डाव्या डोळ्यावर बसला.
काचेच्या.

गोदीतली ठिणगी. एकतीस वर्षं झाली.
लिस्बनला रंग असा जुळवून दिला
की माझ्या मुलीही विसरतात.
भिंगाला भिंग ओळखीचं वाटलं असेल.

फोटो छान आला, नाकीडोळी नीटस.
दोन डोळे, जोडीचे.
"हाच घे," मी म्हणालो, "सहा हजार सावकाश दे."

तिने न बोलता चकती फिरवली. लाल ठिपका.
"आता नुसते बसा."

बसलो. बाहेर टुना उतरवत होते,
कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार केला,
मी तिकडे पाहिलं.

नंतर पडद्यावर दिसलं, की निम्म्याच मी पाहिलं होतं.
उजवा दाराकडे गेला, हसला, परत आला, थोडा ओलावला.
डावा जागचा हलला नाही,
पंगतीला बोलावलेल्या बहिऱ्या पाहुण्यासारखा
सगळ्यांकडे सारखाच बघत राहिला.
मला वाटायचं, जमलंय मला.
सगळं गाव काणाडोळा करत होतं.

झेनाइदाने सॉरी म्हटलं नाही.
तिने दुसरा उचलला, एकोणतीस मिनिटांचा,
पन्नासचं भिंग चढवलं,
आणि बर्फाने चिरलेल्या बोटाने
फोकसची कडी फिरवू लागली.
चौकोन नाही, टिकटिक नाही.
पुढे, जरा जास्त पुढे, मागे.
ती उजव्यापाशी येऊन थांबली तेव्हा
मला कळलं. कसं, ते सांगता येत नाही.

"हा," ती म्हणाली. "आणि पट्टा फुकट."

"आणि एकोणतीस मिनिटं?"

"पाद्र्याला सांगेन, आटपा."

रुमाल ती घेऊन गेली, त्याला मासळीचा वास होता,
दुकानात अजून आहे.
तिसऱ्या कॅमेऱ्यात तो व्हिडिओ तसाच पडलाय.
विकण्याआधी पुसायला हवा.
काल एकाने किंमत विचारली,
मी म्हणालो, बिघडलाय.