घेण्याचं बटण

पेठ नाक्याच्या मागे, फुलेनगरच्या उतारावर
खैरनार अण्णांचं सरकारमान्य दुकान.
अण्णा यंत्र सांभाळतात, मी पोती.
अकरा वर्षं झाली या काट्यासमोर.

माणशी पाच किलो.
तीन तांदूळ, दोन गहू.
आधी दोन-तीन रुपये लागायचे,
आता पावतीवर नुसतं शून्य येतं
आणि लोक ती घडी घालून जपून नेतात.

मला चेहरे पाठ झाले नाहीत कधी,
वजनं झाली.
ही पंचवीस आली, तो पंधरा,
ती भिंतीला टेकलेली एकटी पाच,
तिला पिशवी लागत नाही, पदर पुरतो.

गल्लीत बाळ झालं की पेढ्याआधी
विचारणा येते, नाव कधी चढेल?
मुलगी सासरी गेली तरी
सहा-सहा महिने माहेरीच जेवते.
मेलेले सगळ्यात निवांत.
कार्डावर मांडी घालून बसलेले,
त्यांना कुणी उठवत नाही,
अण्णाही नाही, मीही नाही.

पवळाबाई भोये आली मार्चच्या सात तारखेला.
सुरगाण्याकडची. द्राक्षांच्या खुड्याला जाते,
अंगठ्यावर कात्रीचा घट्टा,
यंत्र तिला दोनदा नाही म्हणतं, तिसऱ्यांदा ओळखतं.
त्या दिवशी रांगेत नव्हती.
डोक्यावर तेलाचा जुना डबा, झाकणाला सुतळी.
म्हणाली,
"सासरा वारला माघात.
परवाच्या मापात त्याचं बी आलं.
अंगठा लावताना ध्यानात नव्हतं.
हे घ्या माघारी."

अण्णांनी यंत्र हातात घेतलं, उलटं करून पाहिलं.
त्यात देण्याचं बटण आहे.
घेण्याचं नाही.
"खा की, बाई. कोण विचारतंय?"

"आम्ही चौघं हाय, अण्णा.
पाचव्याचं शिजवलं
तर तो दारातनं हलायचा कसा?
आन् नागलीवर वाढलेला माणूस,
जित्तेपणी गव्हाला नावं ठेवायचा."

रांग हसली.
मग हसायची थांबली.

काय करावं सुचेना
म्हणून मी सुतळी सोडली,
आतल्या दोन पुरचुंड्या काट्यावर ठेवल्या.
सवय. दुसरं काही नाही.
तांदूळ दोन किलो आठशे वीस.
गहू एक किलो आठशे ऐंशी.

पुरचुंडीला भोक नव्हतं. डब्याला उंदीर शिवला नव्हता.

पोती मनमाडहूनच हलकी येतात, असं आम्ही म्हणतो.
मनमाडवालेही कुणाकडे तरी बोट करत असतील.
माझ्याकडे फक्त मनगटाचं एक वळण आहे,
आकडा स्थिरावण्याआधी पिशवी उचलायचं.
अण्णांनी ते मला कधी शिकवलं नाही.
मी शिकलो तेव्हा मात्र ते दुसरीकडे बघत होते.

काट्याचे तांबडे आकडे दोन्ही बाजूंना दिसतात.
गिऱ्हाईकाच्या बाजूचे
आम्ही कॅलेंडर टांगून झाकलेत.

"बरोबर हाय का?" तिनं विचारलं.
मी म्हणालो, "बरोबर."

अण्णांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
सोमा भोये, पाच किलो, जमा.
म्हाताऱ्याला पूर्ण पाच
बहुतेक त्या पानावरच मिळाले.

ती रिकामा डबा काखेत मारून उतार उतरली.
तो तिच्या चालीवर वाजत होता,
मी कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकला,
पुढे गिरणीच ऐकू आली.

एप्रिलमध्ये ती रांगेत. चार माणसं, वीस.
मनगट जागच्या जागी थांबलं.
आकडा हलला, हलला, वीसवर बसला,
आणि अण्णांनी यंत्रावरून मान वर केली.
मागून कुणीतरी ओरडलं, आटपा.

कॅलेंडरवर अजून मार्चच आहे.
पान उलटायचं
तर ते खिळ्यावरून काढावं लागतं.