आवडीला रकाना नव्हता

बावीस वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात
मी वास घेण्याचा पगार घेतला.
साबण, उदबत्ती, फरशी पुसायचं फिनेल.
कागदाची पट्टी नाकाखाली, डोळे मिटून,
मग तक्ता भरायचा:
गोडवा सहा, हिरवेपणा तीन, धूर शून्य.
आवडला का, असा रकाना नव्हता.
दस्तुर मॅडम म्हणायच्या, नाकाला मत नसतं.
म्हणून पावडर नको, गजरा नको,
न्याहारीला कांदासुद्धा नको.
बावीस वर्षं मला कसलाच वास नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी
राबोडीत गेले, मुनव्वरभाईंकडे.
दुकान कसलं, जिन्याखालची फट.
एक आरसा, एक स्टूल,
आणि कुप्याच कुप्या,
खांद्यावर धूळ, गळ्याशी तेल.
"काय आवडतं बाईंना?"
म्हटलं, तेच बघायला आलेय.

गुलाब नको.
तो माझ्याशी आजवर फक्त समारंभातच बोललाय,
चांदीच्या गुलाबदाणीतून, लांबून.
मोगरा बरा, पण भेटल्या भेटल्या सगळं सांगून टाकतो.
केवड्याचा पहिला श्वास टोकदार,
दुसऱ्यात लग्नाच्या पंगतीतलं पाणी,
तिसरा घ्यावासा वाटला नाही.
ऊद त्यांनी जपून काढला, गहाणाचा दागिना काढावा तसा.
महाग आहे हे नाकालाही कळलं.
मला आठवली जखमेवरची जुनी पट्टी,
सोडवताना आतून येते ती कोंदट ऊब.
मातीचं अत्तर सगळेच नेतात, म्हणाले.
मग सगळ्यांनाच द्या.

खस आवडला.
खस आवडला.
असं वाक्य कधी लिहिलं नव्हतं, म्हणून दोनदा.

हिना लावून मनगटं एकमेकांवर घासायला गेले
तर ते जवळजवळ ओरडलेच:
"रगडू नका बाई, मोडतं ते!"

मनगटं भरली, कोपरांचे खळगे भरले,
मुठींच्या पाठी भरल्या. हात संपले.
मधेमधे मी आपलाच पदर हुंगत होते,
नाक कोरं करायला. जुनी सवय.

तेव्हा खालच्या फळीवरून, मी न मागता,
त्यांनी एक काळपट कुपी उचलली.
"हे कोणी मागत नाही. नख.
समुद्रातल्या शिंपल्यांची झाकणं भाजून काढतात.
दुसऱ्यात मिसळायचं, थेंबभर. नुसतं कोण लावणार?"

धूर आठ.
चामडं चार.
खारटपणा... हा शब्द तक्त्यात नव्हता,
मी पुढचे आकडे विसरले.

चेंदणी कोळीवाडा.
आय कालवं फोडून टरफलं चुलीत टाकायची,
ती तडतडायची, आणि ती त्यांना शिव्या द्यायची.
सुकतीला खाडीचा चिखल
पायऱ्या चढून घरात यायचा, नुसत्या वासाने.
शाळेत दोघींच्या बाकावर
मी एकटी ऐसपैस बसायचे.
मुलाखतीच्या दिवशी
लिंबाने तीनदा हात धुतले होते.
चौथ्यांदा आयने धुऊन दिले,
नखांच्या कडांतून, न बोलता.

तीन मिली घेतलं. नुसतंच.
"नक्की?" मुनव्वरभाईंनी विचारलं,
आणि कानात ठेवायला खसचा फाया दिला, फुकट,
उतारा द्यावा तसा.

शेअर रिक्षात शेजारची बाई
पर्स पोटाशी धरून कडेला सरकली.
कोपरीपर्यंत ती तशीच होती
आणि मी मनगट मांडीवर उताणं ठेवून होते.
दर सिग्नलला एकदा उचलायचे.
धूर उतरत गेला. खाली काहीतरी गोड होतं,
किती ते मोजलं नाही.

रात्री गॅलरीत खांडेपारकरांची मांजर आली.
तिने मनगट हुंगलं,
एकदा चाटलं, तोंड वाकडं केलं,
गेली मात्र नाही.