सतरावा चेहरा

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, पडदा ओढलेला.
बाहेर मुहर्रकवर जूनची दुपार.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
तो आवाजही नोंदवायला हवा खरं तर,
कारण मुनाफ मुकादम मधूनच त्याला उत्तर देतो.

दाभोळचा. हिद्दच्या सुक्या गोदीत बारा वर्षं वेल्डर.
गेले पाच महिने आमच्याकडे, गोळ्यांवर.
हात आता कापत नाहीत, नुसते पडलेले असतात
मांडीवर, दुसऱ्या कुणाचे ठेवायला दिल्यासारखे.

स्क्रीनवर चेहरे येतात. प्रत्येकी दोन सेकंद.
कुठल्याशा थंड देशातली माणसं, कृष्णधवल,
केस मागे ओढून बांधलेले,
पैसे घेऊन भ्यालेली, पैसे घेऊन रडलेली.
खाली शब्द: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य
आणि सातवा, काही नाही.

भाषांतर माझंच.
सातव्या शब्दावर आम्ही तीन बैठका घालवल्या.
तटस्थ म्हणावं की निर्विकार,
की भावशून्य (हे ऐकून एकजण हसला).
शेवटी मी म्हटलं, आमच्याकडे माणसाला विचारलं
काय झालं, तर तो काय म्हणतो?
तेच लिहा.
तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही
मी काय लिहून बसले ते.

आनंद त्याला जमतो. आनंद सगळ्यांनाच जमतो,
दात दिसले की झालं.
भीतीला तो आश्चर्य म्हणतो. ही चूक मीही केली होती,
निरोगी माणसं कमी पडली म्हणून
मला त्या खुर्चीत बसवलं तेव्हा.

सतरावा चेहरा. चाळिशीची बाई, ओठ मिटलेले.
'राग,' मुनाफ म्हणतो.
कुणावर, हे विचारायचं नसतं. मी विचारत नाही.
'माझ्यावर,' तो म्हणतो.

शून्य.

मधल्या सुट्टीत चहा घेताना सांगतो:
गोदीत चेहरे नसतातच, मॅडम. काच खाली.
बिलाल दमलाय, हे खांद्यांवरून कळायचं.
फोरमन चिडला की आधी त्याचे बूट यायचे.
एका रात्री सगळ्यांनी एकदम काचा वर केल्या
आणि बघतो तर आत सगळीकडे एकच तोंड.

कुणाचं, ते तो सांगत नाही.
बिस्किट चहात बुडवतो, विसरतो.
बिस्किट तळाला जातं.

नियम असा, की परीक्षकाने चेहरा कोरा ठेवावा.
बरोबर उत्तराला मान हलवू नये,
चुकलं तर भुवई उचलू नये.
दीड तास मी त्याच्यासमोर काही नाही होऊन बसते
आणि त्याला काय दिसत असेल, हे मला
सतराव्या चेहऱ्यानंतर नीट कळतं.
तरी बसते.

बेचाळीसपैकी एकोणीस.
डॉक्टर मोनीरा आलेखावर पेन टेकवते:
बघ, कोऱ्या चेहऱ्यांवरच घसरतो. नेहमीचं आहे.
तिचं बरोबर आहे. आकडे बरोबर आहेत. मीच मांडलेत.
खालच्या ओळीत सही करते.

संध्याकाळी निघते तर तो कॉरिडॉरमध्ये उभा,
फोन दोन्ही हातांत धरून, पाण्याची वाटी धरावी तसा.
'मॅडम, जरा बघा ना. ही चिडलीय का?'

झुलेखा. मागे भिंतीवर कॅलेंडर,
एक मूल अर्धं चौकटीत, अर्धं बाहेर.
तोंड किंचित उघडं, एक डोळा चौकोनांत फुटलेला,
ओढणीचा हिरवा रंग गालावर सांडून तिथेच थांबलेला.

मी दोन सेकंदांहून जास्त बघते.
बरंच जास्त.
सातही शब्द एकेक करून तिच्यावर ठेवून बघते,
एकही बसत नाही, सगळेच थोडेथोडे बसतात.

'नेट गेलंय,' मी म्हणते.

'नेट,' तो म्हणतो, हळूच,
यादीत नसलेला शब्द पाठ करावा तसा,
आणि फोन खाली न घेता
तसाच उभा राहतो.