पान सात

ऑडिशन दहाची, सर आले पावणेअकराला.
तोवर मी सतरंजी झटकली, खुर्च्या मांडल्या,
टेबलावर भडंगाचा पुडा फोडून ठेवला.
हॉलच्या भिंतीवर पुराची रेषा आहे,
रंग दिला तरी दर उन्हाळ्यात वर येते.
उंच पोरं टेकून उभी राहतात,
त्यांच्या खांद्याला लागते ती.

एकांकिका अशी:
वरात वेशीपाशी गप्प झाली नाही, वाजत पुढे गेली,
म्हणून एका क्लॅरोनेटवाल्याला मारलं.
त्याच्याच हातातलं क्लॅरोनेट घेऊन, कानावर.
हे सगळं पडदा उघडायच्या अठरा वर्षं आधी.
पडदा उघडतो तेव्हा तो कुकर दुरुस्त करत बसलाय
आणि बायको डाव्या बाजूनं विचारते,
चहा घेता का?

पान सात. एवढंच पान सगळ्यांना दिलं.
तिचं वाक्य तीनदा. त्याचं एकदाही नाही.
माझ्याकडे प्रॉम्प्टिंग, म्हणून बायको मी.

पहिला आला बी.कॉम.चा, जिमवाला.
म्हणाला, सर, यात मार कुठाय?
चहा घेता का?
त्यानं मुठी आवळल्या.
चहा घेता का?
भिंतीवर डोकं आपटलं, रेषेच्या जरा खाली.
दुसरा रडला. चांगला रडला,
नंतर नाक पुसायला रुमाल मागितला.
तिसऱ्यानं पानावर नसलेलं भाषण म्हटलं,
त्यात माणुसकी होती, टाळ्यांसाठी जागा होती.
कवठेकरांचा शंतनू असा थरथरला
की कुणीतरी खरंच पाणी आणलं.

दुपारपर्यंत एकतीस जणांना विचारलं,
चहा घेता का.
सगळ्यांना ऐकू येत होतं.

हर्षद वायदंडे ऑडिशनला आलाच नव्हता.
शिडीवर होता, वायर जोडत, ओठांत दोन स्क्रू.
मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येत होता,
सर जांभई देत म्हणाले,
उतर, त्या स्टुलावर बस जरा, लाइट बघू.
मी सवयीनं वाचलं.
चहा घेता का?
तो मांडीवर स्क्रू निवडत राहिला.
चहा घेता का?
बोटं थांबली नाहीत.
तिसऱ्या वाक्याआधी लिहिलंय,
ती वळसा घालून उजवीकडे येते.
एकतीस वेळा ते वाचलं होतं, उठले नव्हते.
उठले.
तेव्हा कुठं त्यानं मान वर केली
आणि हसला, कसनुसं,
उशिरा कळल्याची माफी मागितल्यासारखं.

सरांनी पेनाचं टोपण लावलं.
कुठं शिकलास हे?
कुठं न्हाई, सर. घरात.
आण्णांना उजवीकडनंच हाक मारायला लागती.

पंखा वाजत होता तेवढाच.

रोल घे म्हणून सर तासभर मागे लागले.
नको, सर. लाइट करतो.
मी स्टेजवर असलो तर आण्णा बघायला येतील.
एवढं बोलून परत शिडीवर.

मी पान सात घडी घालून पर्समध्ये टाकलं.
आमच्या गावात वरात कुठं वळते,
बँड कुठल्या खांबापाशी गप्प होतो, मला पाठ आहे.
कुणी प्रॉम्प्ट केलं नव्हतं.
गप्प झालेला बँड आमच्या मागल्या दारी यायचा,
आई म्हणायची, विचार त्यांना,
आणि मी, नऊ वर्षांची, नवा फ्रॉक सांभाळत,
कान तुटलेले सात कप ताटात मांडून
जायचे विचारायला.
हेच वाक्य.

संध्याकाळी यादी लागली. रोल जिमवाल्याला.
बायकोच्या नावापुढं जागा कोरी.
सर म्हणाले, तूच कर की,
एकच तर वाक्य आहे, आणि तुला पाठ.

मी अजून हो म्हटलेलं नाही.